सीटी नॉर्मल, डोकं ठणकतंय

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं, तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. हरतालिकेचा निर्जळी उपवास, मग गणपती, मग गौरी आवाहन, पुरणाचा स्वयंपाक, सवाष्णी, हळदीकुंकू. आमच्या सांगलीत त्या आठवड्यात जिचं डोकं दुखत नाही अशी बाई शोधून दाखवा. "पित्त झालंय," सासूबाई म्हणाल्या आणि मोरावळ्याची बरणी पुढे केली. बँकेत गेले तर तिथल्या मैत्रिणींचंही तेच निदान.

पण हे दुखणं माझ्या नेहमीच्या ओळखीतलं नव्हतं. पित्ताचं डोकं अंधाऱ्या खोलीत आडवं पडलं की शांत होतं. इथं सगळं उलट चाललेलं. आडवी झाले की ठणका वाढायचा, पहाटे त्यानेच जाग यायची आणि भिंतीला टेकून बसले की जरा उसंत मिळायची. खोकला आला किंवा देवापुढे वाकले की कवटीच्या आतून कोणीतरी रेटा देतंय असं वाटायचं. उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं आवाज यायचा, तोही रात्री जास्त. आणि मध्येच, खाली वाकून वर उठताना, डोळ्यांपुढे दोन-चार सेकंद राखाडी पडदा यायचा. हे सगळं मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगितलं, पण तुकड्यातुकड्याने. आधी डोकेदुखी, मग उलट्या सुरू झाल्यावर उलट्या. कानातला आवाज सांगायचं तर सुचलंच नाही, कारण कान आणि डोकेदुखी यांचा संबंध असेल असं कुणाला वाटतं?

त्यांनी इंजेक्शन दिलं, मायग्रेनच्या गोळ्या दिल्या. फरक पडला नाही तेव्हा, "मनात शंका नको," म्हणून सीटी स्कॅन करायला सांगितलं. चिठ्ठीवर एवढंच होतं: डोकेदुखी, उलट्या, सीटी ब्रेन, साधा. साधा म्हणजे शिरेतून औषध न टोचता. टेबलावर झोपवलं, टेबल त्या मोठ्या कड्यात सरकलं, पाच मिनिटांत बाहेर. संध्याकाळी अहवाल आला. रक्तस्राव नाही, गाठ नाही, सूज नाही. नॉर्मल. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आता डोकं दुखतंय म्हणायचीही सोय राहिली नव्हती. स्कॅन चांगला आलाय ना? मग?

नंतर मला जे समजलं ते इथेच सांगून टाकते. मेंदूच्या शिरांमध्ये रक्त गोठण्याचा आजार साध्या सीटीत दिसेलच असं नाही. गुठळी थेट दिसावी अशी खूण साधारण तीनातल्या एकाच रुग्णात सापडते. बाकीच्यांचा सीटी एक तर नुसती सूज दाखवतो किंवा माझ्यासारखा स्वच्छ येतो. नॉर्मल सीटीचा अर्थ, मोठा रक्तस्राव किंवा मोठी गाठ नाही, इतकाच. तो अहवाल खोटा नव्हता. ज्या प्रश्नासाठी तो काढला त्या प्रश्नाचं उत्तर त्यात बरोबर होतं. शिरांबद्दल मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाचवलं ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. तो राखाडी पडदा वाढत चालला होता आणि मी चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, डोक्याला दिवा बांधून भिंग धरून आत पाहिलं, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग चष्म्याची गोष्ट काढलीच नाही. "सोबत कोण आहे? त्यांना आत बोलवा." डोळ्यांच्या मागे जिथे नस सुरू होते ती जागा दोन्ही बाजूंना सुजली होती, कडा पुसट झाल्या होत्या. याला पॅपिलडीमा म्हणतात, आणि दोन्ही डोळ्यांत एकदम तो दिसला की आधी संशय घ्यायचा तो कवटीच्या आत वाढलेल्या दाबाचा. नवऱ्याने सीटीचा लिफाफा पुढे केला, नॉर्मल आहे म्हणाला. बाई म्हणाल्या, "म्हणूनच आज जा. उद्यावर ठेवू नका." त्यांनी मिरजेतल्या न्यूरॉलॉजिस्टना स्वतः फोन लावला. बाहुल्या मोठ्या केलेल्या डोळ्यांनी, पदर कपाळावर ओढून, मी भर उन्हात मिरजेला निघाले.

मिरज आम्हा सांगलीकरांना आजारपणासाठी नवी नाही. कर्नाटकातून, कोकणातून माणसं तिथे येतात. त्या न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीबाहेरही निम्मी बोलणी कानडीत चालली होती. आत गेल्यावर त्यांनी सीटी बाजूला ठेवला आणि मला प्रश्न विचारत बसले. दुखणं झोपल्यावर वाढतं का? कानात आवाज येतो का? हातापायात मुंग्या? पायाला कधी सूज येऊन शीर दुखली होती का? घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या? अलीकडे बाळंतपण, गर्भपात? गर्भनिरोधक गोळ्या? या सगळ्याला मी नाही नाही म्हणत गेले. मग ते थांबले आणि म्हणाले, "आत्ता गणपती झाले. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

त्या घेतल्या होत्या. गौरी आमच्या घरी असतात, तिन्ही दिवसांचं सोवळं सासूबाई पाळतात, आणि त्या वर्षी तारीख नेमकी तेव्हाच येत होती. औषधाच्या दुकानात मागितल्या, मिळाल्या. आमच्या गल्लीत, बँकेत, माहेरी, सगळीकडे बायका घेतात. गौरीला, नवरात्राला, तिरुपतीला जायचं असलं तर, घरात लग्न निघालं तर. नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलीग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा. याला कुणी औषध म्हणतच नाही, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांनी "काही औषधं चालू आहेत का" असं विचारलं तेव्हा मी अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणाले होते.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ही गोळी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची, पण शरीरात तिचा थोडा अंश इस्ट्रोजेनमध्ये, इथिनिल इस्ट्राडायोलमध्ये, बदलतो. दिवसाला १० ते २० मिलीग्रॅम गोळी पोटात गेली तर ते प्रमाण २० ते ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोलच्या घरात जातं, म्हणजे जवळपास गर्भनिरोधक गोळीएवढं. इस्ट्रोजेनने रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यावर निर्जळी उपवास, पुढचे दिवस चुलीपुढे घाम आणि पाणी प्यायला फुरसत नाही. "एकट्या गोळीवर खापर फोडता येणार नाही," ते म्हणाले, "लाखो बायका घेतात आणि त्यांना काही होत नाही. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की होतं. आधी झालंय का ते तर बघू." आणि त्यांनी एमआरआयच्या फॉर्मवर सविस्तर लिहिलं: डोकेदुखी, दोन्ही बाजूंना पॅपिलडीमा, हार्मोनच्या गोळ्या, सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिसची (मेंदूच्या शिरांत गुठळी) शंका, एमआरआयसोबत व्हेनोग्राम (शिरांचं चित्र) करावा. सीटीच्या चिठ्ठीवरच्या त्या एका ओळीशेजारी हा फॉर्म ठेवून बघितला असता तर दोन वेगळ्या बायकांचे कागद वाटले असते.

आता एमआरआय. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मी भीती कमी झाली असती.

आधी अंगावरचं सगळं काढावं लागतं. मंगळसूत्र, कानातलं, हेअरपिना, सेफ्टीपिना. ब्लाउजचे हूकसुद्धा नकोत म्हणून गाऊन देतात. माझी जोडवी निघेनात. बोटं सुजली होती. साबणाचं पाणी लावून मावशींनी ओढली तेव्हा एक निघालं, दुसरं कटरने कापलं. गौरीसाठी भरलेल्या हिरव्या बांगड्या मी उतरवायला लागले तेव्हा टेक्निशियन म्हणाला, "काचेला काही होत नाही ताई, पण हात हलला की वाजतात आणि फुटल्या तर लागतील, काढाच." शरीरात पेसमेकर, क्लिप, कानात यंत्र, कुठे शस्त्रक्रियेची पट्टी, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, गरोदर आहात का, असा मोठा फॉर्म भरून घेतात. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करतायत का याचा, रिपोर्ट मागतात, कारण शिरेतून जे गॅडोलिनियमचं औषध द्यायचं ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं.

मग टेबलावर उताणं झोपायचं. मला नेमकं तेच जमत नव्हतं. आडवी झाले की डोकं फुटायचं. मानेखाली घडी दिली, कानांत बोळे, दोन्ही बाजूंनी स्पंजचे तुकडे, तोंडावर पिंजऱ्यासारखी चौकट, हातात दाबायचा रबरी फुगा. "घाबरलात तर दाबा. पण हललात तर तेवढं पुन्हा काढावं लागेल." मशीन दीड टेस्लाचं होतं, टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप. आत गेल्यावर आधी बारीक टकटक, मग एकदम ठोठावल्यासारखं, मग लांबलचक घरघर, मध्ये शांतता, पुन्हा नवा सूर. मला वाटायचं हे एकच काम चाललंय. खरं तर प्रत्येक आवाज म्हणजे निराळी तपासणी असते. एकात मेंदूची रचना, एकात ताजा इजा झालेला भाग, एकात अगदी बारीक रक्तस्राव, आणि शेवटी शिरा. मी आत देवाचं नाव घेत होते असं नंतर घरी सांगितलं, पण खरं म्हणजे मी महिनाअखेरीच्या व्याजाच्या नोंदी मनातल्या मनात लावत होते. त्याने वेळ बरा गेला. पाऊण तासाने मला थोडं बाहेर काढून सुईतून औषध सोडलं. हातातून थंडगार काहीतरी चढत गेलं, तोंडात धातूची चव आली, आणि पुन्हा आत.

बाहेर आल्यावर टेक्निशियन नेहमीचं "रिपोर्ट उद्या" म्हणाला नाही. "ताई, जरा थांबा, सर बोलवतायत." तेव्हाच मी ओळखलं.

रेडिओलॉजिस्ट वयाने मोठे होते, शांत होते, आणि त्यांनी आम्हा दोघांना स्क्रीनसमोर बसवलं. माझ्यावर ज्या कुणाचे उपकार असतील त्यांत त्या अर्ध्या तासाचे आहेत. "वहिनी, मेंदूत रक्त आणणाऱ्या धमन्या वेगळ्या आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा वेगळ्या. आजपर्यंत तुम्ही ज्या लकव्याबद्दल ऐकलंय तो बहुतेक धमन्यांचा. तुमचं परतीच्या बाजूला अडलंय. मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला तर काय होईल?" मेंदूतल्या शिरा रक्त घेऊन ज्या मोठ्या वाहिन्यांत येतात त्यांना सायनस म्हणतात, सर्दीतला सायनस नव्हे. एक डोक्याच्या माथ्यावरून पुढून मागे जाते, वरची सॅजिटल. मागे ती दोन फाट्यांत वाटली जाते, उजवी आणि डावी ट्रान्सव्हर्स. त्या कानामागून वळून मानेतल्या मोठ्या शिरेत उतरतात.

मग त्यांनी व्हेनोग्राम लावला. काळ्या पडद्यावर पांढरी जाळी, तीही फिरवता येणारी. मला तर काही वावगं दिसेना. सगळं सुंदरच दिसत होतं. म्हणून त्यांनी शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी, नाव झाकलेला, निरोगी व्हेनोग्राम ठेवला. तेव्हा दिसलं. माथ्यावरची जाड पांढरी कमान माझ्या चित्रात मागच्या अर्ध्या भागात तुटक होती आणि उजवीकडचा फाटा नव्हताच. आजार दिसला तो असा, काहीतरी नसण्यातून. डावीकडे एक बारीक दोरा होता.

मला वाटलं झालं निदान. ते म्हणाले, "नाही, एवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो." या तपासणीत स्थिर भागाचा सिग्नल दाबून टाकतात आणि बाहेरून नव्याने आत येणारं रक्त तेवढं उजळ दिसतं. म्हणजे रक्त अगदी हळू वाहत असेल किंवा काप ज्या प्रतलात घेतलाय त्याच प्रतलात वाहत असेल, तरीही तिथे रिकामं दिसतं. शिरेत गुठळी नसताना गुठळीचा भास. शिवाय कित्येक माणसांत एक ट्रान्सव्हर्स, बहुधा डावी, जन्मतःच बारीक असते. आणि शिरेच्या आत काही नैसर्गिक उंचवटे असतात, तेही गुठळीसारखे दिसतात. म्हणून रिकाम्या जागेत खरोखर गुठळी बसली आहे का, हे दुसऱ्या चित्रांत पाहावं लागतं.

त्यांनी दुसरी चित्रं लावली. वाहतं रक्त एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांत काळं दिसतं, कारण त्याचा सिग्नल टिपेपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असतं. माझ्या उजव्या फाट्यात काळ्याऐवजी पांढरं होतं. इथे मला नशिबाने साथ दिली म्हणायची. गुठळी अगदी ताजी, पहिल्या पाचेक दिवसांतली असेल तर एका प्रकारच्या चित्रात तीही काळीच दिसते, म्हणजे नेमकी वाहत्या रक्तासारखी, आणि चकवते. आठवडा उलटला की तिच्यातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ती दोन्ही प्रकारच्या चित्रांत उजळते. माझी तोवर तशी झाली होती. शेवटी औषध दिल्यानंतरचा काप: माथ्यावरच्या सायनसचा आडवा छेद त्रिकोणी असतो, त्रिकोणाच्या कडा औषधाने उजळलेल्या आणि मधला भाग रिकामा. याला ते रिकाम्या डेल्टाची खूण म्हणतात. आणखी एका चित्रात, उजव्या बाजूला माथ्याजवळ, काळे ठिपके होते. "हा थोडा रक्तस्राव आहे. छोटा आहे." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की आम्हालाही ते सहज वाटलं. संध्याकाळपर्यंत.

माझ्या नवऱ्याचं लक्ष डाव्या दोऱ्यावर अडकलं होतं. "मग डावीकडेही गुठळी आहे का?" रेडिओलॉजिस्ट जरा घुटमळले. मग त्यांनी आमच्याकडचा तो नॉर्मल सीटी मागितला. सीडी घातली आणि मेंदू नाही, हाडं दिसतील अशी खिडकी लावली. मानेतली शीर कवटीतून ज्या भोकातून बाहेर पडते ते डावीकडे लहान होतं, उजवीकडे चांगलं मोठं. हाडाचं भोक दोन आठवड्यांत लहान होत नाही. म्हणजे डावी वाट बहुतेक जन्मतःच अरुंद. मुख्य वाट उजवी, आणि नेमकी तीच बंद. मग ते परत मेंदूच्या खिडकीवर आले, मागचा भाग मोठा केला, माऊसने एक गोल काढला. आकडा आला सत्तरच्या वर. रक्ताची घनता सीटीत साधारण ५० ते ६० असते, गुठळी झाली की वाढते. ज्या एककात हे मोजतात ते सीटीचं यंत्र बनवणाऱ्या हौन्सफिल्ड यांच्या नावाचं. त्यांच्याच यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्यांदा जिवंत माणसाचा मेंदू असा पाहिला गेला. तर माझ्या नॉर्मल सीटीत उजवीकडे एक फिकट पांढरी पट्टी होती. नवरा तापलाच. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "साहेब, आता उत्तर माहीत आहे म्हणून दिसतंय. अंगात पाणी कमी असेल, हिमोग्लोबिन जास्त असेल, तरी शिरा अशाच पांढऱ्या दिसतात. त्या चिठ्ठीवर नुसतं डोकेदुखी लिहिलेलं असताना मीसुद्धा हे सोडलं असतं." खरं असेल किंवा व्यवसायबंधूंची पाठराखण असेल. मला ते खरं वाटलं.

त्याच संध्याकाळी वॉर्डात माझा डावा हात माझ्या परवानगीशिवाय हलायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपरापर्यंत झटके. मी शुद्धीत होते आणि आपल्याच हाताकडे बघत होते. यासारखं विचित्र काही मी अनुभवलेलं नाही. उजव्या मेंदूतल्या त्या काळ्या ठिपक्यांचा हा प्रताप. फिटवर औषध सुरू झालं, त्याने पुढे महिनाभर माझी अशी चिडचिड व्हायची की मुलगा खोलीत यायला घाबरायचा.

आणि रात्री डॉक्टर म्हणाले की रक्त पातळ करायची हेपरिनची इंजेक्शनं सुरू करतोय. पोटाच्या कातडीखाली, वजनाच्या हिशेबाने, बारा-बारा तासांनी. नणंदबाई, ज्या स्वतः नर्स आहेत, एकदम उठून उभ्या राहिल्या. "डॉक्टर, आत ब्लीड आहे ना? आणि हेपरिन?" साधा प्रश्न होता आणि योग्य होता. उत्तर असं की हा रक्तस्राव शीर कमजोर होऊन फुटल्याचा नाही. पुढे वाट बंद, मागून रक्त येतंच आहे, त्या दाबाने ते बाहेर झिरपलंय. वाट मोकळी झाली नाही तर आणखी झिरपेल. हा वाद डॉक्टरांमध्येही खूप वर्षं होता. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अवघे २० रुग्ण होते: दहांना हेपरिन, दहांना नुसतं खोटं औषध. हेपरिनवाल्यांपैकी आठ जण पूर्ण बरे झाले आणि कुणीच दगावलं नाही. दुसऱ्या गटातले तिघं गेले. फरक एवढा होता की अभ्यास तिथेच थांबवला. हेपरिन घेतलेल्यांत आधीपासून रक्तस्राव असलेलेही रुग्ण होते. डॉक्टरांनी हे कागदावर आकडे काढून वन्संना दाखवलं तेव्हा त्या बसल्या. माझ्याकडून सही घेतली ती उजव्या हाताने, नशीब.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन १८२५ सालचं, फ्रान्समधलं, आणि ते शवविच्छेदनातून आलेलं. पुढे दीडशे वर्षं बहुतेक निदानं तशीच, माणूस गेल्यावर व्हायची, म्हणून हा आजार म्हणजे मृत्यूच अशी समजूत होती. खरं तर जे वाचायचे त्यांचं निदानच होत नव्हतं. २००४ मध्ये अनेक देशांतल्या ६२४ रुग्णांची पाहणी छापून आली, त्यात सुमारे ८७ टक्के माणसं जगली होती आणि कुणावर अवलंबून नव्हती. रोग तोच होता, फक्त दिसायला लागला. त्याच पाहणीत दहातल्या जवळजवळ नऊ जणांना डोकेदुखी होती आणि चाळीसेक टक्क्यांना फिट आली होती, म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. हा बायकांचाच आजार असंही नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ४२८ रुग्णांची नोंद ठेवली, त्यात निम्म्याहून अधिक पुरुष निघाले. आमच्या वॉर्डातही पलीकडच्या खाटेवर चिकोडीकडचा एक तरणा ट्रकड्रायव्हर होता, त्याला हेच.

बाकीचं आजारपण थोडक्यात सांगते. डोळ्यांची सूज उतरावी म्हणून असेटाझोलामाइड दिलं, त्याने बोटांना मुंग्या यायच्या आणि सोडा पचपचीत लागायचा. डोकेदुखी इंजेक्शनांनी हळूहळू, पण निश्चित उतरत गेली. पहिल्यांदा रात्रभर आडवी झोपले त्या सकाळी मी सगळ्या वॉर्डाला सांगत सुटले. रक्तात होमोसिस्टीन नावाचं रसायन वाढलेलं निघालं आणि बी १२ तळाला गेलेलं, जे शाकाहारी घरात नवल नाही. तेही गुठळीला हातभार लावतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस या, रक्ताला गोठण्यापासून आवरणाऱ्या प्रथिनांच्या, तपासण्या मात्र डॉक्टरांनी मुद्दाम तेव्हा केल्या नाहीत. ताज्या गुठळीत आणि वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू असताना त्यांचे आकडे फसवे येतात, आणि त्यांना पैसेही बरेच पडतात, त्यामुळे कुणी घाईने लिहून दिल्या तर विचारायला हरकत नाही.

मग वॉरफेरिन, सहा महिने. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. मेथी, पालक बंद करा असं शेजारणींनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले बंद नका करू, रोज जेवढी खाता तेवढीच खा, एकदम कमीजास्त करू नका. स्कूटर बंद झाली, फिट आल्यामुळे, आणि आमच्या गावात स्कूटर नसलेली बाई म्हणजे रिक्षावाल्यांचं उत्पन्न. इस्ट्रोजेन आणि पाळी लांबवायच्या गोळ्या कायमच्या बंद, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिलंय. सासूबाईंनी ते पान स्वतः वाचलं. पुढच्या वर्षी गौरीच्या वेळी तारीख आली असती तर काय, हा प्रश्न त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. वन्सं काढणार होत्या, त्यांना मी डोळ्यांनी गप्प केलं.

उपचार संपता संपता पुन्हा एमआरआय झाला, त्याच सेंटरमध्ये. तसं करायला रेडिओलॉजिस्टनीच सांगितलं होतं: तेच मशीन, तसेच काप, आणि जुनी सीडी सोबत. फिल्मवर निवडक चित्रं छापतात, सीडीत सगळी असतात, म्हणून सीडी मागून घ्यायची आणि जपायची. या वेळी जोडवी घरीच काढून गेले होते. व्याजाच्या नोंदी आठवायची गरज पडली नाही. मला चक्क झोप लागली आणि टेक्निशियनने उठवलं.

माथ्यावरची कमान सलग आली होती, मागे थोडी खडबडीत. उजवा फाटा उघडला होता, पूर्ण नाही. आत अजून एक पट्टी चिकटलेली. ती कदाचित तशीच राहील, म्हणाले, शिरा उघडायच्या त्या मुख्यतः पहिल्या तीन-चार महिन्यांत उघडतात. पण माणूस बरं व्हायला वाहिनी शंभर टक्के उघडावी लागते असं नाही, आजूबाजूच्या शिरा काम उचलतात. डोळ्यांच्या नसा सपाट झाल्या होत्या. दृष्टीच्या कडेला एका कोपऱ्यात थोडं कमी दिसतं, ते राहिलं. अहवालावर लिहून आलं, अंशतः पुनर्मार्गीकरण, म्हणजे वाट थोडीफार पुन्हा उघडली. नवऱ्याने मात्र सगळं सोडून आधी डावीकडे बोट ठेवलं. तो बारीक दोरा जसाच्या तसा होता, ना जाड झाला ना बारीक. रेडिओलॉजिस्टनी दोन्ही चित्रं शेजारी लावून मोजून दाखवलं आणि म्हणाले, "हा जन्माचा आहे, साहेब. आता याच्यामागे लागू नका."